वस्तादांनी बसायचं कुठे?

"आणि मी कुठं बसू?"

मीरासाब वस्तादांनी गाडीचं दार उघडलं, पुढची सीट ढकलली, आत डोकं घातलं आणि तसंच वाकून हा प्रश्न विचारला.

गाडी घेऊन आलेला महांतेश, त्यांचा पुण्याला गेलेला जुना शागीर्द, किल्ली बोटात फिरवत उभा होता.

गाडी भंडाऱ्यासारखी पिवळीधमक होती. दोनच दारं. पोट जमिनीला टेकायच्या बेतात. डिकीवर एवढी रुंद फळी बसवलेली, की तिच्यावर दोन माणसांचं जेवण वाढता आलं असतं. आणि आत, जिथे मागची सीट असायची, तिथे उघडा पत्रा. पत्र्यावरून, गाडी उलटली तर टप दबू नये म्हणून बसवलेल्या लोखंडी पायपा, एक इकडून तिकडे आणि एक तिकडून इकडे.

"वस्ताद, पुढे बसा ना," महांतेश म्हणाला.

'बसा ना'. पुण्याला गेला की माणसाच्या जिभेला पहिल्यांदा पॉलिश होतं.

"पुढं?" वस्तादांनी डोकं बाहेर काढलं. "पुढं मी कवा बसलोय?"

...

आता मी कोण, ते सांगून टाकतो. मी दत्तोबा हावळ. गडहिंग्लजला वस्तादांच्या गॅरेजला लागून माझं सीट-कव्हरचं दुकान आहे. मधे फक्त एक पत्रा, पुढचं अंगण मात्र एकच, तिथली गाडी मला बसल्या जागी दिसते. अठ्ठावीस वर्षं मी त्या पत्र्याच्या अलीकडे बसून शिवतोय आणि पलीकडचं सगळं ऐकतोय. वस्तादांनी कधी मला बोलू नका म्हटलं नाही, त्यामुळे मी अधूनमधून बोलतोसुद्धा.

वस्तादांची एक रीत आहे. गाडी दुरुस्त झाली की ट्रायल घ्यायची. चालवणार शागीर्द. वस्ताद मागच्या सीटवर, बरोबर मधोमध, डोळे मिटून, दोन्ही तळवे सीटवर उपडे टाकून. पुलापर्यंत जायचं, पुलापलीकडच्या फाट्याला वळायचं आणि परत यायचं. तेवढ्यात कुठलं बेअरिंग गेलंय, कुठला बोल्ट ढिला आहे, चालवणाऱ्यानं क्लच कितीदा उगीच दाबला, सगळं त्यांना कळतं.

मी एकदा विचारलं होतं, की पुढे का बसत नाही?

"पुढं बसलं की रस्ता दिसतोय," म्हणाले. "रस्ता दिसला की माणूस गाडीचं ऐकत न्हाई."

महांतेश कडगावे सहा वर्षं त्यांना असं मागे बसवून ट्रायल घेत होता. वस्तादांचा सगळ्यात लाडका शागीर्द आणि सगळ्यात आगाऊ. आता त्याचं पुण्यात मोठं वर्कशॉप आहे. चांगल्या शहाण्यासुरत्या गाड्या घ्यायच्या आणि त्यांना ओरडायला शिकवायचं, असा धंदा. बारा माणसं हाताखाली आहेत. कानावरचे केस पिकायला लागलेत, पण गाडीविषयी बोलायला लागला की सतरा वर्षांचा होतो.

वस्तादांच्या हाताखालून गेलेला कुणीही, वस्ताद मागे बसून आल्याशिवाय स्वतःसाठी गाडी घेत नाही. हा नियम कुणी केला, मला माहीत नाही. वस्तादांनी तर नाहीच केला.

आणि हा पठ्ठ्या मागची सीट नसलेली गाडी घेऊन ट्रायलला आला होता. वरात काढायची आणि घोड्यावर नवराच नाही, त्यातली गत.

...

"आधी इंजिन तरी बघा वस्ताद," महांतेशनं बॉनेट उघडलं.

मग जे सुरू झालं ते सगळं मला सांगता येणार नाही. टर्बो मोठा टाकलाय. सायलेन्सर पुढपासून मागपर्यंत बदललाय. स्प्रिंगा बदलल्यात, ब्रेकसुद्धा चारी चाकांचे मोठे घेतलेत. सगळं आरटीओच्या कागदावर चढवलंय. आधीचा मालक बेळगावचा, पोटच्या पोरासारखी सांभाळलीय त्यानं. एक दिवसापुरती विश्वासानं दिलीय. संध्याकाळी चारपर्यंत हो की नाही कळवायचं, कारण हुबळीचा एक जण टपून बसलाय.

वस्ताद ऐकत होते. त्यांनी इंजिनाजवळच्या एका पायपेवरून बोट फिरवलं, बोटाकडे बघितलं. वाकून एका जोडाचं वेल्डिंग बघितलं. बराच वेळ बघितलं.

"कुणी केलंय?"

"बेळगावातलाच एक पोरगा आहे."

"हात चांगला हाय."

महांतेशचा चेहरा उजळला. "म्हणजे घेऊ?"

"मी अजून बसलोय कुठं?"

...

चेहरा उजळला असं मी म्हणालो, त्याला कारण होतं.

दोन वर्षांपूर्वी अशाच एका गाडीत महांतेशनं हायवेवर दोन पलट्या खाल्ल्या. दुसऱ्या कुणाला खरचटलंसुद्धा नाही, हे नशीब. याच्या खांद्याच्या हाडात पट्टी आहे. पावसाळी हवेत दुखते, असं सांगत नाही, पण खांदा चोळताना मी बघितलंय. त्या वेळी वस्ताद एसटीनं पुण्याला गेले. खाटेशेजारी बसले. डबा उघडून त्याला स्वतःच्या हातानं भरवलं. कसं झालं, किती वेग होता, काही विचारलं नाही. एकच विचारलं.

"मागं कोण हुतं?"

"कोण नव्हतं वस्ताद," महांतेश म्हणाला. "एकटाच हुतो. म्हणून तर बरं."

वस्तादांनी डब्याचं झाकण लावलं आणि परतीची एसटी धरली.

दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. महांतेशचं तोंड पोळलं आणि तो पुन्हा दुधाच्या कढईकडेच बघत बसला. दोन वर्षं दुसऱ्यांच्या तसल्या गाड्या तयार करून दिल्या, स्वतः मात्र घरची साधी गाडी सोडून एक घेतली नाही. बायको गिरिजा शहाणी. ती नाही म्हणाली नाही. ती म्हणाली, वस्तादांना विचारा. ते घे म्हणाले तर मी कधी तोंडातून शब्द काढणार नाही. ते नको म्हणाले तर तुम्ही पुन्हा असल्या गाडीचं नाव काढायचं नाही.

यानं लेकीच्या डोक्यावर हात ठेवून कबूल केलं होतं.

म्हणजे त्या दिवशी नुसती एक गाडी घ्यायची की नाही एवढाच प्रश्न नव्हता. वस्ताद नको म्हणाले असते तर महांतेशनं शब्द पाळला असता, याची मला खात्री आहे. आणि मग तो आयुष्यभर दुसऱ्यांच्या गाड्या पुसत बसला असता, याचीही आहे.

...

"सीट काढली कशाला?" वस्तादांनी विचारलं.

"वजन कमी करायला. मागची सीट काढली की वीस-एक किलो जातात वस्ताद. वीस किलो म्हणजे लई हुतंय." पॉलिश उडायला लागलं होतं.

"माझं वजन किती असंल?"

"असंल... साठ."

"मग मी तर तुला परवडतच न्हाई गा."

मी पत्र्याआड हसलो. पत्रा पातळ आहे.

महांतेश माझ्याकडे बघून म्हणाला, "हसा मामा, हसा." मग वस्तादांकडे वळला. "पुढं बसा एक डाव. ही सीट बगा तरी. चार पट्टं हाईत, हाललासुद्धा न्हाई माणूस."

वस्तादांनी त्या सीटकडे बघितलं. दोन्ही बाजूंनी कडा वर आलेल्या, मधे खळगा, त्यावर लाल पट्टे.

"पाळणा हाय व्हय हा?"

"वस्ताद..."

"तान्ह्या पोराला घाल त्यात. मला नगं."

आता माझ्या धंद्याचा विषय निघालाच होता, म्हणून मी उठलो. म्हणालो, वस्ताद, चार इंचाचा फोम आहे माझ्याकडे, कापून टाकतो पत्र्यावर, गादीसारखे बसाल.

"फोम नगं दत्तोबा. फोमातनं ऐकू येत न्हाई."

ते गॅरेजात गेले. वस्तादांचं एक पोतं आहे. गाडीखाली शिरताना अंगाखाली घ्यायचं, गोणपाटाचं. ऑइल पिऊन पिऊन त्याचा रंग म्हशीसारखा झालाय. ते त्यांनी आणलं, दारात झटकलं, चार घड्या घातल्या आणि त्या पिवळ्या गाडीच्या पोटात, उघड्या पत्र्यावर ठेवलं.

मग आत शिरायला लागले.

शहात्तर वर्षांचं माणूस. आधी डोकं घातलं, ते पायपेला लागलं. मग एक पाय घातला, तो दुसऱ्या पायपेखाली अडकला. मी इकडून धरलं, महांतेशनं तिकडून ढकललं. टोपी पडली. टोपी उचलायला मी वाकलो तर वस्ताद माझ्या पाठीवर रेलले. रस्त्यावर उसाच्या ट्रॉलीचा ड्रायव्हर थांबून बघायला लागला. शेवटी कसेबसे आत गेले आणि पोत्यावर मांडी घालून बसले. चारी बाजूंनी लोखंडी पायपा, मधे वस्ताद. पिंजऱ्यातला पोपट दिसत होता अगदी.

"टोपी दे," म्हणाले.

मी दिली. ती नीट घातली. डोळे मिटले. दोन्ही तळवे पत्र्यावर उपडे टाकले.

"चल."

...

पुढचं मला महांतेशनं सांगितलं. त्यात त्यानं स्वतःची बाजू कुठे सावरलेली नाही, तेव्हा खरंच असावं.

गॅरेजातून निघताना त्यानं मनात ठरवलं होतं, की गाव संपलं की एकदा दाखवायचंच वस्तादांना, गाडी काय चीज आहे ते. बेळगावहून येताना तो असा आला होता, की त्याला वाटेतली गावं आठवत नव्हती.

गावाबाहेर पहिला गतिरोधक आला. गाडीचं पोट खाली. सकाळी तो यावरूनच खर्रकन घासून आला होता. आता त्यानं आरशात बघितलं.

त्या आरशात रस्ता दिसत नव्हता. वस्ताद दिसत होते. मिटलेले डोळे, पांढरी टोपी आणि पायपेला धरलेला एक हात. तो हात किती म्हातारा झालाय, हे त्याला तिथे दिसलं म्हणे. समोरासमोर कधी दिसलं नव्हतं.

त्यानं गाडी तिरकी घेतली. एक चाक चढवलं, मग दुसरं, मग तिसरं. बाळंतिणीला दवाखान्यातून घरी न्यावं तशी उतरवली.

"हं," मागून आलं.

महांतेशला बरं वाटलं. मग वाईट वाटलं, की एवढ्यानं आपल्याला बरं वाटतंय.

पुढे ट्रॉल्या. हंगाम चालू, कारखान्याकडे रांग लागलेली. एरवी त्यानं दोन ट्रॉल्यांच्या मधून गाडी काढली असती, ते त्याला येतं. तो मागे राहिला. ट्रॉलीतून उसाची कांडी पडत होती, तीसुद्धा तो चुकवत होता. एक सायकलवाला त्याच्या पुढे गेला.

सायकलवाल्यानं वळून पिवळ्या गाडीकडे बघितलं आणि हसला. महांतेशनं हे मला सांगितलं, म्हणून म्हणतो, सावरलेलं काही नाही.

पूल आला. पूल गेला. पुलापलीकडे फाट्यापर्यंतचा रस्ता नवा आहे. सरळ, मोकळा, दोन्ही बाजूंना उसाचे फड.

"आता दाब," वस्ताद म्हणाले.

महांतेशला वाटलं, ऐकण्यात चूक झाली.

"काय म्हटलासा?"

"दाब की. रस्ता मोकळा लागतोय. हवेवरनं कळतंय."

"नगं वस्ताद."

"का गा?"

...

"तुमी मागं हायसा," महांतेश म्हणाला.

 

गाडी चालली होती. एवढ्या मोठ्या इंजिनाची गाडी, एवढ्या मोकळ्या रस्त्यावर, बैलगाडीच्या चालीनं. आणि महांतेश एकदम बोलायला लागला. समोर बघत, स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरून.

"माझ्या गाडीत आता कोण बसत न्हाई वस्ताद. दोन वर्सं झाली. गिरिजा बसत न्हाई. पोरगी रिक्षानं शाळंला जाती, मी दारात गाडी घिऊन हुबा असतोय तरी. कोण काय बोलत न्हाई. नुसतं बसत न्हाईत. म्हणून म्हटलं, सीट न्हाई तर न्हाई... बसणार हाय कोण."

हे मला सांगताना तो खांदा चोळत होता, आणि हवा कोरडी होती. 



"मी बसलोय न्हवं?" वस्ताद म्हणाले.

"व्हय."

"मग दाब."

"वस्ताद, पट्टा न्हाई तुमाला."

"मी धरलंय. तुला म्हाईत हाय मी धरलंय. दाब."

महांतेशनं दाबलं.

तो म्हणतो, मामा, आजवर मी हजार वेळा दाबलं असेल, पण असं कधी नाही. पाय खाली जात होता आणि प्रत्येक बोटभर जाताना विचारत होता, जाऊ का, जाऊ का. इंजिनानं शीळ घातली. फड दोन्ही बाजूंनी मागे पळायला लागले. गाडी रुळावरून चालावी तशी सरळ. आणि मागून आवाज आला. त्याला वाटलं वस्तादांना लागलं की काय. आरशात बघितलं तर वस्ताद हसत होते. डोळे मिटलेलेच, टोपी घरंगळून मांडीवर आलेली, आणि तोंड उघडं टाकून हसत होते. सहा वर्षांत त्यानं त्यांना असं हसताना बघितलं नव्हतं.

लांबवर, फाट्याच्या अलीकडे, एक ट्रॉली वळताना दिसली. अजून कितीतरी अंतर होतं. एरवी तो तिच्या बुडापर्यंत जाऊन ब्रेक मारणारा माणूस. त्यानं पाय काढून घेतला. गाडी आपोआप उतरत उतरत चालीवर आली. वस्तादांची टोपी मांडीवरून खाली पडली नाही.

"बास," वस्ताद म्हणाले. "वळीव."

...

इकडे मी दोनदा रस्त्यावर येऊन बघून गेलो. वस्तादांच्या ट्रायलला पंधरा मिनिटं लागतात. पाऊण तास झाला होता. हातात शिवण होती, तिला मी उलटी टीप मारून बसलो. नको नको ते मनात येत होतं, खोटं कशाला सांगू.

मग गाडी आली. गपचूप आली. एवढ्या बोंबलणाऱ्या सायलेन्सरची गाडी इतकी गपचूप चालवता येते, हे मला त्या दिवशी कळलं.

इंजिन बंद झालं. तापलेलं लोखंड तडतडत होतं.

वस्तादांना बाहेर काढायला, आत जाताना लागली तेवढीच खटपट परत करावी लागली. दोन्ही गुडघे धरून गेले होते. ते गॅरेजच्या उंबऱ्यावर बसले, मी तांब्या भरून दिला. सगळा प्यायले.

महांतेश समोर उभा होता. हात मागे बांधून. वर्कशॉपचा मालक, बारा माणसांचा साहेब, आणि उभा मात्र पहिल्या दिवशी कामाला आला तेव्हासारखाच होता.

त्याच्या खिशात फोन वाजला. बेळगावचा असावा. त्यानं काढून बघितलासुद्धा नाही.

"वस्ताद?"

"डाव्या अंगाचं मागचं बेअरिंग गुणगुणतंय. तेवढं बदल."

"बदलतो."

"बाकी गाडी सरळ हाय."

"मग..."

"घे."

महांतेश तसाच उभा. मला वाटलं ऐकू गेलं नाही. मी मोठ्यानं म्हणालो, "अरे, घे म्हणालेत!"

"गिरिजाला तुमीच सांगा वस्ताद," तो म्हणाला. "माझ्या सांगण्यावर तिचा इस्वास बसायचा न्हाई."

त्यानं फोन लावून दिला. वस्तादांनी तो कानापासून वीतभर लांब धरला. त्यांचा फोनवर अजून भरवसा नाही.

"गिरिजा, पोरी... व्हय, मीरासाब. मी मागं बसून आलो... व्हय व्हय, मागंच... डोळं मिटूनच बसतोय मी कायम, भ्यालो न्हाई... न्हाई गं... सीट न्हाई, पोत्यावर बसलो... व्हय..."

मग ते नुसते ऐकत राहिले. ती बोलत होती. बराच वेळ बोलत होती. काय म्हणाली ते आम्हा दोघांना कळलं नाही. वस्तादांनी फक्त मान हलवली, जशी काही तिला दिसणार होती.

"तुझं खरं हाय," म्हणाले. "पण मनाजोगती गाडी न्हाई असा हा माणूस मी दोन वर्सं बगतोय. आज त्यानं मला नीट घरी आणलं... बरं. बरं, पोरी."

फोन परत दिला.

महांतेशनं तो खिशात टाकला आणि एकदम सतरा वर्षांचा झाला. बॉनेटवर थाप मारली. मला मिठी मारली. वस्तादांच्या पायाशी वाकला, तर ते म्हणाले, "गुडघ्याला हात लावू नगंस, बोंब मारीन."

"मामा," तो माझ्याकडे वळला, "टेप काढा. मागची सीट करून द्या. जशी असायची तशी. गिरिजा बसंल न बसंल, पोरगी बसंल न बसंल... पर जागा पाहिजे."

मी टेप आधीच हातात घेतली होती. धंदा तो धंदा.

"आदी पायपा काढ," वस्ताद उंबऱ्यावरून म्हणाले. "डोकी फुटतील पोरींची."

"काढतो वस्ताद. ह्या मागच्या दोन्ही काढतो. आणि पट्टं लावतो, दोघींनाबी."

"वजन वाडंल की."

"वाडू दे."

मला वाटलं, संपलं. पुढची सीट ढकलून मी आत डोकावलो, माप घ्यायला. पत्र्यावर ते पोतं तसंच होतं, चार घड्यांचं. मधे बसल्याचा खळगा पडलेला.

"हे काढा आदी," महांतेश म्हणाला आणि माझ्या खांद्यावरून हात घालून त्यानं पोत्याचं टोक धरलं. "वस्ताद, तुमचं पोतं ऱ्हायलं."

वस्ताद उठले. गुडघ्यावर हात टेकत, पत्र्याला धरत, तेवढी चार पावलं आले. त्यांनी महांतेशचं मनगट धरलं.

घट्ट धरलं नव्हतं. नुसता हात ठेवला होता.

"ऱ्हाऊ दे."

"अवो, पर तुमाला गाडीखाली शिरताना लागतंय की. आणि मामा आता हितं सीट करणार, त्याच्यावर हे कुठं..."

"सीटवर ठेव. सीटखाली ठेव. पर ऱ्हाऊ दे."

"कशाला वस्ताद?"

वस्तादांनी टोपी काढली, झटकली, परत डोक्यावर बसवली. गाडीकडे पाठ केली आणि गॅरेजात जाता जाता म्हणाले,

"उचलू नगंस गा. त्याच्यावर मी बसलोय."